बांध कोणी घातला, पाणी कोणाला मिळाले?

शेतीच्या इतिहासात राजांच्या मोहिमा, सारा-महसूल आणि दुष्काळ यांच्या नोंदी विपुल सापडतात. बांधाची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः उताराने धावणाऱ्या पाण्यासमोर माणसाने माती-दगडांची पहिली ओळ रचली, तेव्हाच शेतीला स्थैर्य लाभले. नांगर जमीन उलटी करतो, बियाणे अंकुरते. परंतु माती जागेवर राहिली नाही आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरले नाही, तर दोन्ही व्यर्थ ठरतात. ही माती थोपविण्याची व पाणी जिरविण्याची विद्या आपल्या प्रदेशात कशी वाढत गेली, हे प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात सांगणार आहोत. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न आम्ही सतत विचारणार आहोत : बांध घालण्याचे श्रम कोणाचे होते आणि अडलेले पाणी कोणाला मिळाले? या दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याचे उत्तर अपुरे राहते, असे आमचे मत आहे.

माती आणि पाणी यांचे नाते

प्रथम मूळ शास्त्र समजून घेऊ. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात. हे सुटे कण जमिनीची छिद्रे बुजवितात, त्यामुळे पाणी आत न शिरता पृष्ठभागावरून वाहू लागते. उतार जितका लांब व तीव्र, तितका पाण्याचा वेग अधिक. आणि वेग वाढला की माती वाहून नेण्याची त्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते. सुपीक मातीचा एक इंच थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तो नाहीसा होण्यास काही पावसाळे पुरतात.

म्हणून मृद्‌संधारणाचे सर्व उपाय एकाच सूत्रावर उभे आहेत : धावत्या पाण्याला चालायला लावणे, चालत्या पाण्याला थांबविणे आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत मुरविणे. उताराला आडवी नांगरट व पेरणी, शेताच्या खालच्या कडेची ताल, डोंगरउतारावरील सलग समतल चर, ओढ्यातील दगडी बांध, त्याखाली पाझर तलाव, हे सर्व त्या सूत्राचेच टप्पे होत.

मात्र प्रत्येक जमिनीला एकच उपाय चालत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत समपातळी बांध उत्तम काम करतात, कारण साचलेले पाणी लवकर मुरते. खोल काळ्या जमिनीत तेच बांध अपायकारक ठरू शकतात. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे बांधाशी पाणी तुंबते, पीक पिवळे पडते व उन्हाळ्यात बांधालाच चिरा जातात. अशा ठिकाणी जादा पाण्याला सावकाश बाहेर नेणारे ढाळीचे बांध घालावे लागतात. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा आहे. या काळ्या कातळाच्या अंगी पाणी साठविण्याची क्षमता थोडी. त्याचे पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच राहते. म्हणूनच येथे वरच्या मातीचे रक्षण आणि भूजलाचे रक्षण हे एकच काम आहे.

एक साधा हिशेब विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या अवर्षणप्रवण गावातही प्रत्येक हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी पडते. दुष्काळ पावसाच्या कमतरतेने येतो हे खरे. पण पडलेले पाणी न थांबविल्याने व थांबलेले न वाटल्यानेही तो येतो.

चीवरातील शेत, रोहिणीवरील बंधारा

भारतीय शेतीतील बांधांचे एक सुंदर वर्णन विनयपिटकाच्या महावग्गात आले आहे. राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. लांब-आखूड वाफे, त्यांच्या कडांचे बांध आणि बांध एकमेकांना छेदतात तेथील चौक, अशी ती रचना होती. भिक्खूंचे चीवर या शेतांसारखे तुकडे जोडून शिवता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने तसे चीवर तयार केले. आजही भिक्खूच्या चीवरावरील शिवणी म्हणजे मगधातील शेताचे बांध आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळात भातखाचरांचे बांध किती रेखीव होते, याचा हा वाङ्मयीन पुरावाच होय.

दुसरा प्रसंग रोहिणी नदीचा. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या या नदीवर दोघांनी मिळून एकच बंधारा घातला होता आणि त्याच पाण्यावर दोन्हीकडची पिके उभी होती, असे अट्ठकथेत म्हटले आहे. पाणी कमी पडले, पिके सुकू लागली आणि आधी पाणी कोणी घ्यावे यावरून वाद पेटला. पारंपरिक कथेत युद्धाला सज्ज झालेल्या दोन्ही पक्षांना भगवान बुद्ध पाण्याचे मोल आणि माणसाच्या रक्ताचे मोल यांची तुलना करावयास लावतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच पाणीतंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला. युद्धाला विरोध करणाऱ्या सिद्धार्थाने शाक्य संघाचा निर्णय मान्य न करता परिव्रज्या स्वीकारली, अशी ही मांडणी आहे. बंधारा बांधण्याचे तंत्र दोन्ही गणांना अवगत होते. टंचाईच्या दिवसांतील वाटपाचा नियम त्यांच्यापाशी नव्हता. आमच्या विषयाचा गाभा या एका प्रसंगात सामावलेला आहे.

लेणी, शिलालेख आणि वेठ

महाराष्ट्रातील जलव्यवस्थापनाचा फार जुना पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळाला. डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळातील वस्तीत दगड-मातीचा बांध आणि पाण्याचा पाट आढळला. लोखंडाचा वापर सुरू होण्यापूर्वीचे हे शेतकरी गहू व जव पिकवीत होते.

पुढे सातवाहनकाळात बौद्ध लेण्यांनी पाणी साठविण्याच्या कलेला वेगळी उंची दिली. कान्हेरीच्या डोंगरावर पडणारा पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरविलेला आहे. अशा टाक्यांना ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ म्हटले असून, त्या दान देणाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेख तर शेतीच्या इतिहासासाठी फारच मोलाचा आहे. आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेवलेली रक्कम ज्या श्रेणींकडे गुंतविली, त्यांत कुंभार व तेली यांच्याबरोबर ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे कारागीर आहेत. पाण्याची यंत्रे घडविणाऱ्यांची स्वतंत्र संघटना असावी आणि संघाने तिच्यावर विश्वास ठेवून पैसा सोपवावा, यावरून या कारागिरांची तत्कालीन समाजातील प्रतिष्ठा दिसते.

आता सौराष्ट्रातील गिरनारच्या शिलाखंडाकडे वळू. सम्राट अशोकाचे आदेश ज्या खडकावर कोरले आहेत, त्याच खडकावर क्षत्रप राजा रुद्रदामन याचा सुमारे इसवी सन १५० चा लेख आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने सुदर्शन तलाव बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला पाट काढले, पुढे अतिवृष्टीने बांध फुटला आणि रुद्रदामनाने तो पुन्हा उभारला, असा वृत्तान्त त्यात आहे. हे काम प्रजेवर कर न लादता आणि विष्टी न घेता केले, असे राजा अभिमानाने नमूद करतो. विष्टी म्हणजे वेठ. वेठ न घेणे ही शिलेवर कोरण्याजोगी गोष्ट होती, याचा अर्थ एरवी असे बांध वेठीवरच उभे राहत. धरण बांधणाऱ्या राजाचे नाव खडकावर टिकले. टोपली वाहणाऱ्याचे नाव कोठेच नाही.

फड आणि तलाव : सामूहिक शहाणपण व त्याची सीमा

नाशिक-धुळे भागातील फड पद्धती हा महाराष्ट्राच्या सामूहिक पाणीवाटपाचा गौरवास्पद नमुना आहे. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून पाटाने पाणी नेत. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असत आणि एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे असे. शेतकऱ्याची जमीन साधारणतः निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने पाणी कमी पडले व एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सर्वांना वाटून घ्यावा लागे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतमालकाने स्वतः बारे फोडावयाचे नाही. रोहिणीकाठी ज्याची उणीव होती, तो टंचाईच्या वाटपाचा नियम येथे गावाने घडविला होता.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, हा दुसरा नमुना. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने उताराचा अचूक अंदाज घेऊन हे तलाव बांधले. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, तेथून भाताच्या बांध्यांत, अशी साखळी होती. तलावातील मासळीवर ढिवर समाज जगत असे. मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव सरकारजमा झाले, देखभालीची जुनी घडी मोडली आणि अनेक तलाव गाळाने भरले.

या दोन्ही व्यवस्थांचा आम्हांला आदर आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने गौरवापाशी थांबू नये. फडातील हक्क जमीनधारकाचा होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्याचा वाटा नाही. आणि जमीन कोणाला मिळावी, हे जातिव्यवस्थेने ठरविलेले होते. गावाच्या शिवेचा वाद उद्भवला की साक्ष महाराची घेत, म्हणजे गावाचा बांध कोठे हे त्याला सर्वांत चांगले ठाऊक असे. परंतु त्या बांधाच्या आतील पाणवठ्याला हात लावण्याची त्याला मनाई होती.

जोतीरावांचा आसूड

हा विरोधाभास आधुनिक काळात प्रथम ओळखला तो राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. या ग्रंथातील मृद्‌-जलसंधारणाचा विचार आजही थक्क करतो. डोंगरावरील पालापाचोळा व जनावरांचे शेण पावसाबरोबर शेतात उतरून जमीन सुपीक होत असे. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केल्याने गुरे घटली व खत आटले, हे कारण-कार्य त्यांनी नेमके दाखविले. उपाय म्हणून सरकारने रिकाम्या वेळी लष्कर व पोलिसांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी आधी शेतांत मुरून मग ओढ्या-नाल्यांना मिळावे, नदी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, जमिनीतील झऱ्यांचा शोध घेऊन त्या जागा नकाशांवर दाखवाव्यात, अशा सूचना त्यांनी केल्या. कालव्याचे पाणी प्रत्येकास प्रमाणशीर मिळावे म्हणून तोटी बसविण्याचाही विचार त्यांनी मांडला. ‘माथा ते पायथा’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यापूर्वी कितीतरी दशके त्यामागील कल्पना जोतीरावांनी सांगितली होती.

बाबासाहेब : पाण्याच्या हक्कापासून पाण्याच्या नियोजनापर्यंत

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले. तो लढा पिण्याच्या पाण्याचा व त्याहून अधिक माणुसकीचा होता. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी लागला. परंतु बाबासाहेबांचा पाणीविषयक विचार तळ्याच्या काठावर थांबला नाही.

१९१८ मध्येच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत केवळ आकाराने लहान आहे म्हणून तोट्यात जाते असे नाही. त्यावर लागणारे भांडवल, अवजारे व श्रम यांचे प्रमाण बिघडलेले आहे, हे त्यांनी अर्थशास्त्राच्या आधारे दाखविले. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक आणले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ च्या कलकत्ता परिषदेत दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय विकासाचा आराखडा चर्चेला आला. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था याच वर्षी स्थापन झाली. एक नदी, एक खोरे, एकच नियोजन ही त्यामागील दृष्टी होती. १९४८ च्या दामोदर खोरे महामंडळ कायद्याने सिंचन, वीज व पूरनियंत्रण यांबरोबरच वनीकरण आणि जमिनीची धूप रोखणे हीही महामंडळाची कर्तव्ये ठरविली.

१९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात बाबासाहेबांनी शेतीची मालकी राज्याकडे असावी, जात-धर्माचा भेद न करता ती गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसावयास द्यावी आणि पाणी, औतांची जनावरे, अवजारे, खते व बियाणे पुरविणे ही राज्याची जबाबदारी असावी, असे सुचविले. मसुदा स्वीकारला गेला नाही. तरी पाणी ही जमीनमालकीची शेपटी नसून कसणाऱ्याला द्यावयाचे साधन आहे, हा विचार त्यातून स्पष्ट झाला.

माथ्यावर राबणारे, पायथ्याला पाणी मिळविणारे

मुंबई प्रांतात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. पण महाराष्ट्राच्या खेडोपाडी ही कामे पोहोचली ती १९७२ च्या दुष्काळात. लाखो हात खडी फोडत होते, माती वाहत होते, नाले बांधत होते. त्यातूनच रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने मान्य करणे ही ऐतिहासिक गोष्ट होती, आणि त्या कामांवर राबणाऱ्यांत भूमिहीनांचा, विशेषतः स्त्रियांचा वाटा मोठा होता.

आता पाण्याचा प्रवास पाहा. चर खणले जातात माथ्यावर. तेथे बहुधा गायरान वा पडीक जमीन असते. पाणी मुरून उतरते पायथ्याला. तेथे काळी जमीन आणि विहिरी असतात. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाचा. त्यामुळे ज्याने माथ्यावर चर खणला त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि ज्याची विहीर पायथ्याला होती त्याला वर्षानुवर्षांचे पाणी मिळाले. यात कोणा एका शेतकऱ्याचा दोष नाही. तोही बहुधा कर्जातच असतो. दोष पाण्याचा हक्क जमिनीला बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. या शाळेच्या वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांच्या आजी-आजोबांनी अशा कामांवर टोपल्या वाहिल्या आहेत. म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच कारणाने. मराठवाड्यातील दलित कुटुंबांनी कसलेली गायराने नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. या जमिनी बहुतांशी उताराच्या, मुरमाड, मातीचा थर झिजलेल्या. म्हणजे ज्यांना सर्वांत शेवटी जमीन मिळाली, त्यांना सर्वांत अधिक मृद्‌संधारणाची गरज असलेली जमीन मिळाली. जमीन नावावर नसेल तर बांधबंदिस्तीची योजना, विहीर किंवा पीककर्ज मिळविताना पदोपदी अडचण येते.

पाण्याचा हक्क माणसाला

याला पर्याय नाही असे मात्र नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी दुष्काळानंतरच्या काळात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस अथवा तत्सम बारमाही पीक घ्यावयाचे नाही. सांगली जिल्ह्यातील तांदूळवाडीचे बळीराजा स्मृती धरणही भूमिहीनांसह सर्वांना समन्यायी पाणी, या तत्त्वावर उभे राहिले. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याचा नियम पाळून दाखविला.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. समतल रेषा आखणे अवघड नाही. तीन काठ्यांचा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा सांगाडा, त्याच्या टोकातून सोडलेला ओळंबा आणि आडव्या काठीवर केलेली मध्यखूण, एवढ्या साधनांवर सातवीचा विद्यार्थी उतारावरील समान पातळीचे बिंदू शोधू शकतो. त्या बिंदूंवरून चर खणला की पाणी त्यात सर्वत्र सारखे उभे राहते. कोठे जास्त, कोठे कमी असे होत नाही. अवघड आहे ते समाजात अशी समतल रेषा आखणे.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जलसंधारणाचे काम निघेल तेव्हा ग्रामसभेत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत : काम कोणाच्या जमिनीवर होणार, श्रम कोण करणार आणि मुरलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा काय? गायरान कसणाऱ्या कुटुंबांच्या जमिनींवर बांधबंदिस्ती प्रथम व्हावी, तलावातील गाळ हलक्या जमिनींना आधी मिळावा आणि सामुदायिक विहिरीच्या नियमांत सर्वांची नावे असावीत, असा आग्रह धरावा. त्यासाठी आमच्या मुलांना जमिनीचा उतार वाचता आला पाहिजे आणि सातबाराचा उताराही वाचता आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी शाळेत शिकविता येतात, आणि त्या शिकविणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.